एक ‘ना’ आणि इंग्रजीचे अनेक टॅग

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनमध्ये दिवसभरात किती वाक्ये ‘ना’वर संपतात, ते कान देऊन ऐकण्यासारखे आहे. गाडी गेली ना? सोयाबीन इकलं ना? पोट्टा पास झाला ना? उद्या येशीन ना? नळाले पाणी नाही आलं ना? पहिल्या तीन वाक्यांत झालेली गोष्ट आहे, चौथ्यात व्हायची आहे, पाचव्यात नकार आहे. गाडी स्त्रीलिंगी, सोयाबीन नपुंसकलिंगी, पोट्टा पुल्लिंगी. यातल्या कशाचीही ‘ना’ला पर्वा नाही. तो वाक्याच्या शेवटी येऊन बसतो आणि आपले काम करतो.

हीच पाच वाक्ये इंग्रजीत नेली की पाच वेगळ्या शेपट्या लागतात. द बस हॅज लेफ्ट, हॅजन्ट इट? यू हॅव सोल्ड द सोयाबीन, हॅवन्ट यू? द बॉय पास्ड, डिडन्ट ही? यू विल कम टुमॉरो, वोन्ट यू? द वॉटर हॅजन्ट कम, हॅज इट? शाळेत याला क्वेश्चन टॅग म्हणतात. बोर्डाच्या पेपरात तो एका मार्काला येतो, आणि त्या एका मार्कासाठी मुले तक्ते पाठ करतात. तक्ता पाठ असूनही ऐन वेळी शेपूट चुकते, कारण तक्त्यात मुलाला हवे असलेले नेमके वाक्य कधीच नसते. माझे म्हणणे असे आहे की हा विषय पाठांतराचा नाही, ऐकण्याचा आहे. स्वतः नुकत्याच बोललेल्या वाक्यात क्रियापद कोणते होते, एवढे ज्याला ऐकू आले त्याला टॅग आला.

मराठी माणसाला तो अवघड का जातो, हे आधी पाहू. आपण इंग्रजी शिकलो ते बहुतेक भाषांतरातून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. 2000 साली महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले, त्याआधी ते पाचवीपासून असे. पण पहिली काय आणि पाचवी काय, सवय तीच राहिली: मराठी शब्द घ्यायचा, त्याचा इंग्रजी जोडीदार शोधायचा. ‘ना’चा जोडीदार शोधायला निघालेला विद्यार्थी ‘इजन्ट इट’वर येऊन थांबतो आणि तेच सगळीकडे लावतो. यू आर फ्रॉम शिरपूर, इजन्ट इट? ही विल कम, इजन्ट इट? त्याचे तर्कशास्त्र चुकलेले नाही. एका कामाला एक शब्द, हीच जगातल्या पुष्कळ भाषांची रीत आहे. हिंदीत ‘ना’ आहे, फ्रेंचांचे ‘नेस पा’ कोणत्याही वाक्यामागे तसेच्या तसे लागते, जपानी माणूस ‘ने’ म्हणून मोकळा होतो. वेगळी वाट इंग्रजीने धरली आहे. तिचा टॅग दर वेळी नव्याने घडवावा लागतो आणि घडवायचे सामान मागच्या वाक्यातूनच घ्यावे लागते.

हे सामान तीन वस्तूंचे आहे: हेल्पिंग व्हर्ब, होकार-नकाराची अदलाबदल आणि सर्वनाम. यातली पहिली वस्तू सापडली की निम्म्याहून अधिक काम झाले, म्हणून तिथे जरा थांबू.

वाक्यात ॲम, इज, आर, वॉज, वेअर, हॅज, हॅव, हॅड, विल, कॅन, शुड असे काही दिसत असेल तर प्रश्नच नाही. जे आहे तेच उचलायचे. द टेंपल वॉज क्लोज्ड इन 1981, वॉजन्ट इट? इथे ‘वॉज’ समोर उभे आहे. (शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर 1981 साली बंद झाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 साली त्याचे दार पुन्हा उघडले, तेव्हा वाक्य खरेही आहे.) पण द फार्मर्स हिअर ग्रो सोयाबीन, यात हेल्पिंग व्हर्ब कुठे आहे? डोळ्यांना दिसत नाही. इंग्रजीच्या दृष्टीने ते आत दडलेले आहे, आणि प्रश्न किंवा नकार करायची वेळ आली की बाहेर येते: डू दे ग्रो? दे डोन्ट ग्रो. म्हणून टॅग ‘डोन्ट दे’. कर्ता एकच असेल, क्रियापदाला एस लागला असेल तर ‘डजन्ट’. भूतकाळ असेल तर ‘डिडन्ट’. मराठीत ‘तो जातो’चा नकार ‘तो जात नाही’ असा क्रियापदाच्याच अंगातून निघतो. मध्ये तिसऱ्या कुणाला बोलवावे लागत नाही, त्यामुळे हे ‘डू’ आपल्या कानाला उपरे वाटते. इंग्रजांनाही ते एके काळी उपरेच होते. शेक्सपिअरच्या काळात ‘डू’ घातलेले आणि ‘डू’ न घातलेले असे दोन्ही प्रकारचे प्रश्न सर्रास चालत. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत ‘डू’ने जम बसवला.

दडलेल्या ‘डू’ची खरी परीक्षा पुट, कट, हिट, शट अशा क्रियापदांपाशी होते, कारण त्यांचे वर्तमान आणि भूत दिसायला सारखेच. ही पुट द बॅग इन द बस. टॅग काय? बहुतेक विद्यार्थी ‘डजन्ट ही’ लिहितात. पण नीट पाहा: वर्तमानकाळ असता तर ‘ही’पुढे ‘पुट्स’ आले असते. एस नाही, म्हणजे काळ भूत, आणि टॅग ‘डिडन्ट ही’. एका एसच्या नसण्यावरून काळ ओळखायचा. ज्या विद्यार्थ्याला ही गोष्ट एकदा स्वतःहून दिसली, तो तक्ता बाजूला ठेवतो, असा माझा अनुभव आहे. हेच वाक्य ‘दे पुट’ने सुरू झाले तर मात्र ओळखायची सोय नाही. तिथे आजूबाजूची वाक्येच सांगतील.

ॲपॉस्ट्रॉफीनंतरचा एस असाच दुतोंडी असतो. शीज गोइंग टू मालेगाव, यात तो ‘इज’ आहे, म्हणून ‘इजन्ट शी’. शीज गॉन टू मालेगाव, यात तो ‘हॅज’ आहे, म्हणून ‘हॅजन्ट शी’. दोन्ही वाक्ये उच्चारायला सुरुवातीला हुबेहूब सारखी, फरक पुढच्या शब्दात. ॲपॉस्ट्रॉफीनंतरचा डीही तसाच. हीड लाइक सम टी, इथे ‘वुड’, म्हणून ‘वुडन्ट ही’. हीड बेटर लीव्ह नाऊ, इथे ‘हॅड’, म्हणून ‘हॅडन्ट ही’.

आणि ‘हॅव’! त्याच्यासारखे फसवे दुसरे नाही. ते कधी मदतनीस असते, कधी स्वतःच मुख्य क्रियापद. शी हॅज सोल्ड हर तूर, इथे मदतनीस, ‘हॅजन्ट शी’. शी हॅज टू एकर्स, इथे तिच्या मालकीची दोन एकर जमीन आहे, ‘हॅज’ हेच मुख्य क्रियापद आहे, म्हणून आजच्या इंग्रजीत ‘डजन्ट शी’. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत इथे ‘हॅजन्ट शी’ही सापडेल, ते चूक नाही, जुनाट आहे. शी हॅज टू गो टू वाशीम, जावे लागते या अर्थाने, तरी आजच्या इंग्रजीत ‘डजन्ट शी’च.

दुसरी वस्तू अदलाबदलीची. वाक्य होकारी तर टॅग नकारी, वाक्य नकारी तर टॅग होकारी. सोपे वाटते, पण इंग्रजीत काही शब्द वरून होकारी आणि आतून नकारी असतात. हार्डली, सेल्डम, रेअरली, नोबडी, नथिंग, फ्यू, लिट्ल. जून उलटून चालला, पेरणी खोळंबली आहे, अशा वेळी कुणी म्हटले, इट हार्डली रेन्ड इन जून, तर वाक्यात ‘नॉट’ कुठेही नाही. तरी पाऊस पडलाच नाही म्हणायचे आहे. म्हणून टॅग ‘डिड इट’. इथे मराठी आपल्या मदतीला येते, कारण ‘हार्डली’ मराठीत सांगायला गेलो की ‘फारसा पडलाच नाही’ असा ‘नाही’ आपोआप उमटतो. मराठीत सांगताना ‘नाही’ आले, तर इंग्रजी वाक्य नकारी धरावे. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतही हीच खूण उपयोगी पडते. फ्यू पीपल केम, ‘फारसे कुणी आले नाही’, म्हणून ‘डिड दे’. अ फ्यू पीपल केम, ‘थोडे लोक आले’, म्हणून ‘डिडन्ट दे’. एका ‘अ’ने टॅग उलटा होतो.

सर्वनामाचे मात्र फार कौतुक करायला नको. नाव काहीही असो, टॅगमध्ये सर्वनामच येते. मराठी माणसाने एवढेच सांभाळावे की मंदिर, गाडी, रस्ता यांची लिंगे इंग्रजीत कुणीसुद्धा विचारत नाही, सगळे ‘इट’. धिस आणि दॅट यांचेही ‘इट’ होते, दीज आणि दोज यांचे ‘दे’. एव्हरीवन, समवन, नोबडी ही एकवचनी दिसली तरी त्यांना ‘दे’ लागते: एव्हरीवन हॅज ईटन, हॅवन्ट दे? वाक्य ‘देअर’ने सुरू झाले तर ‘देअर’ तसाच राहतो: देअर इज अ बस टू रिसोड, इजन्ट देअर?

किरकोळ अपवाद भराभर उरकतो. लेट्स गो, शॅल वी? ओपन द डोअर, विल यू? डोन्ट शाउट, विल यू? यूज्ड टू असेल तर ‘डिडन्ट’. आय ॲम लेट, याला ‘ॲमन्ट आय’ लागायला हवे होते, आणि स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये लोक खरोखरच तसे म्हणतात. दक्षिण इंग्लंडच्या बोलण्यात तो उच्चार झिजून ‘आन्ट’ झाला. तिथे व्यंजनाआधीचा आर उच्चारत नाहीत, म्हणून लिहिताना तो ‘आरन्ट’सारखा लिहिला जाऊ लागला, आणि ‘आरन्ट आय’ रूढ झाले. व्याकरणाच्या पुस्तकांत याला अपवाद म्हणून चौकटीत टाकतात. ती उच्चाराची गोष्ट आहे, हे सांगितले तर मुलांना चौकट पाठ करावी लागणार नाही.

एक अपवाद मात्र किरकोळ नाही. आय थिंक ही विल कम. टॅग ‘डोन्ट आय’ असा होईल का? मला वाटते की नाही, हे मी दुसऱ्याला कशाला विचारू? विचारायचे आहे ते त्याच्या येण्याबद्दल, म्हणून ‘वोन्ट ही’. आता आय डोन्ट थिंक ही विल कम, याला ‘विल ही’. नकार ‘थिंक’ला चिकटलेला आहे, पण तो खरा येण्याचा नकार आहे. आपणही ‘तो येईल असं वाटत नाही’ म्हणतो, तेव्हा वाटण्याचा नकार करत नसतो. पण हाच प्रकार शी थिंक्स ही विल कम या वाक्यात घडत नाही. तिला काय वाटते हे मी खरोखर विचारू शकतो, म्हणून तिथे ‘डजन्ट शी’. नियम कुठून येतो हे इथे लख्ख दिसते: टॅग त्या गोष्टीला लागतो, जिच्याबद्दल समोरच्याला विचारण्यात अर्थ आहे.

आता ‘इजन्ट इट’कडे परत जायला हवे, कारण त्यावरून उगाच लाज बाळगणारी माणसे मी पाहिली आहेत. भारतीय इंग्रजीचे अभ्यासक ब्रज काचरू यांनी भारतातल्या इंग्रजीची जी वैशिष्ट्ये मांडली, त्यांत हे सगळीकडे लागणारे ‘इजन्ट इट’ आहे. भारताबाहेरही ते आहे. वेल्समध्ये ऐकू येते. सिंगापूरमध्ये ‘इज इट’ सगळ्या वाक्यांना चालते. खुद्द लंडनमधली तरुण मुले ‘इनिट’ हा एकच टॅग वाटेल तिथे लावतात. म्हणजे जी भाषा दर वेळी नवा टॅग घडवते, तिच्याच राजधानीत लोकांना ‘ना’सारखा एकच शब्द हवासा वाटू लागला आहे. गप्पांत कुणी ‘इजन्ट इट’ म्हटले तर अर्थ पोहोचतो, तिथे अडवू नये. परीक्षेत, मुलाखतीत, लेखी इंग्रजीत मात्र ते चूक धरले जाते आणि धरलेही जावे, कारण तिथे माप प्रमाण इंग्रजीचे आहे.

टॅग अचूक घडला तरी तो कसा म्हणायचा हे उरतेच, आणि पेपरात त्याला मार्क नसल्याने वर्गात ते राहून जाते. शेवटी आवाज वर गेला तर तो खरा प्रश्न असतो: बोलणाऱ्याला माहीत नाही. आवाज खाली आला तर बोलणाऱ्याला ठाऊक आहे, त्याला फक्त दुजोरा हवा आहे. इट्स हॉट टुडे, इजन्ट इट, हे मे महिन्यातल्या विदर्भात आवाज चढवून विचारले तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. मराठी माणसाला हा भेद नव्याने शिकायचा नाही. आपल्याकडेही ‘आला ना?’ आणि ‘आला ना!’ असे दोन ‘ना’ आहेत. पहिल्यात काळजी आहे, दुसऱ्यात समाधान. ‘सांगितलं ना तुला!’ यातला तिसरा, चिडलेला ‘ना’ही इंग्रजी टॅगात उतरतो. ‘आय टोल्ड यू, डिडन्ट आय!’ असे इंग्रजही चिडून म्हणतो. पण इंग्रजीत एक प्रकार आहे जो ‘ना’ने सांगता येत नाही. सो यू हॅव सोल्ड द सोयाबीन, हॅव यू? होकारी वाक्याला होकारीच टॅग. ही चूक नव्हे. ‘म्हणजे विकलं तर सोयाबीन!’ हा त्याचा भाव: नुकतेच कळले आहे, आणि त्यात आश्चर्य, कुतूहल, कधी संशयही आहे.

खाली उतरणाऱ्या टॅगची ताकद कोर्टात दिसते. यू वेअर देअर दॅट डे, वेअरन्ट यू? प्रश्नाच्या पोटात उत्तर ठेवलेले आहे. साक्षीदाराने फक्त मान डोलवायची. कायद्याच्या मराठीत याला सूचक प्रश्न म्हणतात. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याने सरतपासणीत विरुद्ध पक्षाची हरकत असेल तर, न्यायालयाच्या परवानगीशिवाय, असे प्रश्न विचारायला मनाई केली आणि उलटतपासणीत मोकळीक दिली. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, पण हा भेद तसाच आहे. शिरपूरला कोर्ट परके नाही. मंदिराच्या पूजेच्या आणि व्यवस्थेच्या हक्कांवरून जैनांच्या श्वेतांबर आणि दिगंबर पंथांत 1910 साली सुरू झालेला दावा वऱ्हाडातून वर चढत 1929 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. जिथे साक्ष मराठीत होते आणि इंग्रजीत नोंदली जाते, तिथे टॅगपेक्षाही नाजूक अशी एक गोष्ट येते: टॅगचे उत्तर.

हा विषयाचा अवघड अर्धा भाग आहे, आणि परीक्षेत तो विचारतच नाहीत. टॅग लावा, म्हणतात. उत्तर द्या, म्हणत नाहीत.

अंतरिक्ष पार्श्वनाथांची काळी मूर्ती जमिनीला टेकत नाही, अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ‘अंतरिक्ष’ हे नाव त्यावरूनच आले. समजा, परदेशातून आलेल्या पाहुण्याने गावातल्या मुलाला विचारले: द आयडल डजन्ट टच द ग्राउंड, डज इट? मुलाच्या मनात उत्तर मराठीत तयार होते: ‘हो, नाही टेकत.’ मराठीतला हा ‘हो’ पाहुण्याच्या म्हणण्याला आहे. तुम्ही म्हणता ते बरोबर, असा त्याचा अर्थ. मुलगा ‘यस’ म्हणतो. इंग्रजी कान ‘यस’नंतर मनातल्या मनात वाक्य पुरे करतो: यस, इट डज. म्हणजे टेकते. मुलाने सांगितले एक आणि पाहुण्याने ऐकले नेमके उलट. इंग्रजीत यस आणि नो समोरच्याच्या म्हणण्याकडे पाहत नाहीत, वस्तुस्थितीकडे पाहतात. टेकत नसेल तर ‘नो, इट डजन्ट’. टेकत असेल तर ‘यस, इट डज’. प्रश्न होकारी विचारा की नकारी, उत्तर बदलत नाही. मराठीत मात्र प्रश्न बदलला की उत्तराची सुरुवात बदलते: ‘टेकते ना?’ला ‘नाही, टेकत नाही’, आणि ‘टेकत नाही ना?’ला ‘हो, टेकत नाही’.

आता हाच प्रसंग साक्षीच्या पिंजऱ्यात ठेवा. यू डिडन्ट साइन धिस पेपर, डिड यू? ‘यस.’ सही केली की नाही केली? साक्षीदाराला म्हणायचे आहे, नाही केली. नोंद मात्र केल्याची होऊ शकते. किंवा मुलाकडे इंग्लंडला गेलेली आजी तिथल्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या सकाळी झोपलेली आहे. नर्स विचारते: यू हॅवन्ट ईटन एनीथिंग सिन्स लास्ट नाइट, हॅव यू? आजी उपाशी आहे. ती ‘यस’ म्हणाली तर नर्सला वाटेल आजीने काहीतरी खाल्ले, आणि भूल द्यायची आहे म्हणून ऑपरेशन थांबेल.

म्हणून अशा प्रश्नाला नुसते ‘यस’ किंवा नुसते ‘नो’ कधी देऊ नये. आधी खरे काय ते मनाशी ठरवावे, मग टॅगमधलेच हेल्पिंग व्हर्ब उचलून उत्तराला जोडावे. खाल्ले नाही: नो, आय हॅवन्ट. खाल्ले: यस, आय हॅव. ‘यस’बरोबर होकारी क्रियापद, ‘नो’बरोबर नकारी. ‘यस, आय हॅवन्ट’ असे उत्तर तोंडात आले, तर ते मराठीतून आलेले आहे असे समजून तिथेच थांबावे आणि पहिला शब्द बदलून पुन्हा म्हणावे.